दोन गटांमधील नाते : कॅनॉनिकल सहसंबंध आणि गांधीबागेतील बोलीचा प्रश्न

१. प्रास्ताविक

नागपुरातील गांधीबाग हा परिसर ठोक कापडबाजारासाठी विदर्भभर परिचित आहे. इतवारी, महाल, हंसापुरी, मोमिनपुरा या जुन्या वस्त्या त्याच्या आसपास आहेत. कोष्टी आणि मोमीन विणकरांची परंपरा, १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल आणि १९५६ पर्यंत मध्यप्रांत-वऱ्हाडची, पुढे मध्यप्रदेशाची राजधानी म्हणून नागपूरला असलेले स्थान, या तिन्हींमुळे या भागात अनेक भाषा एकत्र नांदल्या. दुकानाच्या गादीवर मारवाडी वा गुजराती, हिशेबात हिंदी, हमालांच्या आणि खेड्यांतून आलेल्या गिऱ्हाइकांच्या तोंडी नागपुरी किंवा वऱ्हाडी मराठी आणि पाटीवर प्रमाण मराठी असे चित्र तेथे सहज आढळते.

अशा बाजारातील मराठीविषयी एक विधान वारंवार केले जाते. ते असे की, हिंदीच्या सहवासाने नागपूरची मराठी बिघडली. 'मला' ऐवजी 'मले', 'का' ऐवजी 'काऊन', 'काळा' ऐवजी 'काया', 'करतो आहे' ऐवजी 'करून राहिलो' ही रूपे एकाच दमात पुढे केली जातात आणि सर्वांचे खापर एकाच कारणावर फोडले जाते. या विधानात तथ्य किती, हे ठरविणे केवळ रुचीचा प्रश्न नव्हे. शाळेत 'मले' म्हणणाऱ्या मुलाला 'अशुद्ध बोलतोस' असे सांगितले जाते, तेव्हा त्यामागे हेच विधान उभे असते. म्हणून ते तपासण्याची रीत भाषेच्या अभ्यासकाला अवगत असणे अगत्याचे आहे.

ज्या ठिकाणी एका बाजूस अनेक भाषिक लक्षणे आणि दुसऱ्या बाजूस अनेक सामाजिक घटक असतात, तेथे या दोन गटांमधील नाते एकत्रितपणे पाहण्यासाठी संख्याशास्त्रात एक पद्धती विकसित झाली आहे. तिला कॅनॉनिकल सहसंबंध विश्लेषण असे म्हणतात. गणिताची सूत्रे शक्य तितकी बाजूला ठेवून, चित्रांच्या व साध्या बेरीज-वजाबाकीच्या आधारे ही पद्धती साहित्य व भाषा यांच्या अभ्यासकांस समजावून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखातील गांधीबागेविषयीचे आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी कल्पिलेले आहेत. ते कोणत्याही प्रत्यक्ष पाहणीचे नाहीत, हे आरंभीच नमूद केले पाहिजे.

२. पूर्वपीठिका

ही पद्धती अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ हॅरॉल्ड होटेलिंग यांनी मांडली. १९३५ साली त्यांनी तिचा पहिला आराखडा प्रसिद्ध केला आणि १९३६ साली 'बायोमेट्रिका' या नियतकालिकातील विस्तृत निबंधात तिला पूर्ण रूप दिले. त्या निबंधातील उदाहरण शिक्षणक्षेत्रातील आहे. सातव्या इयत्तेतील १४० विद्यार्थ्यांच्या चार चाचण्यांचे गुण त्यात घेतले होते. वाचनाचा वेग आणि वाचनाचे सामर्थ्य हा एक गट, अंकगणितातील वेग आणि अंकगणितातील सामर्थ्य हा दुसरा गट. वाचनातील एक आणि गणितातील एक अशी कोणतीही जोडी घेतली, तरी त्यांच्यातील सहसंबंध ०.२४ च्या वर जात नव्हता. परंतु दोन्ही गटांतील चाचण्यांचे योग्य मिश्रण केल्यावर तो ०.३९ पर्यंत गेला. विशेष म्हणजे हे मिश्रण बेरजेचे नव्हते. वाचनाच्या वेगातून सामर्थ्याचा काही अंश वजा केल्यावर जे उरते, त्याचे नाते मुख्यतः अंकगणितातील वेगाशी होते. सुट्या जोड्या पाहून ही गोष्ट लक्षात आली नसती.

१९३६ हे वर्ष भारतीय संख्याशास्त्राच्या इतिहासातही महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी 'व्यापक अंतरा'ची संकल्पना सविस्तर मांडली. तिचा उगम नागपूरशी जोडलेला आहे. १९२० साली भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले होते. तेथे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल यांची महालनोबीस यांच्याशी गाठ पडली आणि कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन समाजाच्या शरीरमापनाची आकडेवारी तपासण्याचे काम त्यांनी महालनोबीस यांच्याकडे सोपविले. उंची, डोक्याची लांबी, नाकाची रुंदी ही मापे परस्परांशी निगडित असतात. ती स्वतंत्र समजून मोजली, तर एकच गोष्ट अनेकदा मोजली जाते. गटातील अंतर्गत नात्याचा हिशेब आधी चुकता करावा आणि मगच तुलना करावी, हे त्या संकल्पनेचे सूत्र होय. कॅनॉनिकल सहसंबंधाच्या मुळाशीही हेच सूत्र आहे. महाराष्ट्रात इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेला महाराष्ट्रातील शरीरमापनाचा ग्रंथ याच विचारपरंपरेत बसतो.

भाषेच्या क्षेत्रात दुकानदारीच्या जागेचा अभ्यासासाठी उपयोग करण्याचे प्रसिद्ध उदाहरण विल्यम लबॉव्ह यांचे आहे. १९६२ साली न्यूयॉर्कमधील तीन वेगवेगळ्या आर्थिक स्तरांच्या भव्य दुकानांत त्यांनी २६४ कर्मचाऱ्यांच्या उच्चारांची नोंद केली आणि एका 'र'काराच्या उच्चारातून सामाजिक स्तर कसा व्यक्त होतो ते दाखवून दिले. तेथे भाषिक लक्षण एकच होते. गांधीबागेत मात्र लक्षणे अनेक आणि कारणेही अनेक, म्हणून प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो.

३. संज्ञांविषयी थोडेसे

साहित्याच्या अभ्यासकास 'कॅनन' हा शब्द मान्यताप्राप्त ग्रंथांच्या परंपरेच्या संदर्भात परिचित आहे. येथे तो अर्थ अभिप्रेत नाही. गणितात 'कॅनॉनिकल' म्हणजे एखाद्या गुंतागुंतीच्या वस्तूचे सर्वांत साधे, उलगडलेले रूप. गुंता तोच असतो, पण तो अशा रीतीने मांडलेला असतो की प्रत्येक धागा वेगळा दिसावा.

'चल' म्हणजे व्यक्तीगणिक बदलणारी मोजता येण्याजोगी गोष्ट. एखाद्या वक्त्याच्या बोलण्यात 'मला' वा 'मले' येण्याचे शंभर प्रसंग असतील आणि त्यांपैकी सत्तर वेळा 'मले' आले, तर त्या चलाचे मूल्य ७०. सहसंबंध गुणांक म्हणजे दोन चलांच्या बरोबरीने वाढण्या-घटण्याचे माप. ते +१ आणि -१ यांच्या दरम्यान असते. शून्य म्हणजे सरळ रेषेतील नाते नाही.

'प्रमाणित' हा शब्दही येथे जपून वापरावा लागतो. चल प्रमाणित करणे म्हणजे प्रत्येक मूल्यातून सरासरी वजा करून उरलेल्या संख्येस त्या चलाच्या प्रमाण विचलनाने भागणे. त्यामुळे वर्षे, तास आणि टक्केवारी ही एकाच मापावर येतात. प्रमाणभाषेशी या क्रियेचा काहीही संबंध नाही.

४. पहिले चित्र : दोन पडदे आणि दोन रेषा

गांधीबागेतील काही वक्त्यांचे बोलणे नोंदविले आहे, अशी कल्पना करावी. प्रत्येक वक्त्याविषयी चार गोष्टी ज्ञात आहेत. भाषिक गटात दोन : 'मले'सारख्या रूपांचे प्रमाण आणि 'करून राहिलो'सारख्या रचनेचे प्रमाण. जीवनविषयक गटात दोन : बालपणीची किती वर्षे बोली बोलणाऱ्या वस्तीत गेली आणि कामाच्या दिवसातील किती भाग हिंदीत जातो.

आता दोन पांढरे पडदे शेजारी शेजारी टांगले आहेत असे समजावे. डाव्या पडद्यावर प्रत्येक वक्ता त्याच्या भाषिक मूल्यांनुसार एका ठिपक्याने दाखविला आहे. आडव्या दिशेस 'मले', उभ्या दिशेस 'करून राहिलो'. उजव्या पडद्यावर तेच वक्ते त्यांच्या जीवनविषयक मूल्यांनुसार दाखविले आहेत. प्रत्येक ठिपक्याला वक्त्याचा क्रमांक दिलेला आहे. त्यामुळे डावीकडील ७ क्रमांकाचा ठिपका आणि उजवीकडील ७ क्रमांकाचा ठिपका ही एकच व्यक्ती होय.

डाव्या पडद्याच्या मध्यातून एक रेषा ओढावी आणि प्रत्येक ठिपक्यापासून तिच्यावर लंब टाकावा. सर्व वक्ते त्या रेषेवर एका ओळीत उभे राहतात. रेषेची दिशा बदलली की ओळीतील क्रम आणि अंतरे बदलतात. रेषा अगदी आडवी असेल तर ओळ केवळ 'मले'नुसार लागते. ती तिरपी असेल तर दोन्ही लक्षणांच्या मिश्रणानुसार लागते. उजव्या पडद्यावरही अशीच एक रेषा ओढावी. आता प्रश्न एवढाच की, दोन्ही रेषा कोणत्या दिशांना फिरवल्या असता डावीकडची ओळ आणि उजवीकडची ओळ परस्परांशी जास्तीत जास्त जुळतील?

या दोन दिशा म्हणजे पहिली कॅनॉनिकल जोडी आणि त्या ओळींमधील सहसंबंध म्हणजे पहिला कॅनॉनिकल सहसंबंध. रेषेच्या दिशेत प्रत्येक चलाचा जो वाटा असतो त्याला 'भार' म्हणतात. पहिली जोडी सापडल्यावर, तिच्याशी काहीही सहसंबंध नसलेल्या अशा ओळींमधून पुन्हा सर्वांत जुळणारी जोडी शोधली जाते. ती दुसरी जोडी. ज्या गटात चल कमी असतील, त्या गटातील चलांच्या संख्येइतक्या जोड्या मिळतात. येथे दोन्ही गटांत दोन-दोन चल असल्यामुळे जोड्याही दोनच.

५. चार आकडे आणि दोन कथा

वरील कल्पना साध्या अंकगणिताने पडताळता येते. चारही चल प्रमाणित केले आहेत आणि दोन गटांमधील चार सहसंबंध पुढीलप्रमाणे आहेत असे मानावे. 'मले' आणि बोलीवस्तीतील बालपण : ०.५. 'मले' आणि हिंदीतील कामकाज : ०.३. 'करून राहिलो' आणि बोलीवस्तीतील बालपण : ०.३. 'करून राहिलो' आणि हिंदीतील कामकाज : ०.५.

घाईने वाचणारा म्हणेल की, प्रत्येक लक्षणाचे प्रत्येक कारणाशी थोडेफार नाते आहे. 'मले'चेही हिंदीशी ०.३ इतके नाते आहेच. तेव्हा हिंदीला दोष देण्यास हरकत नाही. परंतु या चार आकड्यांवरून असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण प्रत्येक गटाच्या आत काय चालले आहे हे अजून विचारलेच नाही.

पहिली शक्यता. प्रत्येक गटातील दोन्ही चल परस्परांशी असंबद्ध आहेत, म्हणजे गटांतर्गत सहसंबंध शून्य आहे. दोन्ही भाषिक चलांची बेरीज घ्यावी आणि दोन्ही जीवनविषयक चलांची बेरीज घ्यावी. प्रमाणित चलाचा प्रसरण (विचलनाचा वर्ग) १ असल्यामुळे प्रत्येक बेरजेचा प्रसरण १ + १ = २ होतो. दोन बेरजांमधील सहप्रसरण चारही आकड्यांची बेरीज, म्हणजे ०.५ + ०.३ + ०.३ + ०.५ = १.६. सहसंबंध १.६ ÷ २ = ०.८. आता दोन्हीकडे बेरजेऐवजी वजाबाकी घ्यावी. सहप्रसरण ०.५ - ०.३ - ०.३ + ०.५ = ०.४ आणि सहसंबंध ०.४ ÷ २ = ०.२. एका बाजूची बेरीज आणि दुसऱ्या बाजूची वजाबाकी घेतली तर उत्तर शून्य येते. म्हणजे बेरजांची जोडी आणि वजाबाक्यांची जोडी परस्परांपासून सुटी आहे. सुट्या चलांत कोठेही ०.५ पेक्षा मोठे नाते नव्हते. बेरजांमध्ये ते ०.८ झाले. या कथेत 'एकूण बोलीपण' नावाची एक ठळक गोष्ट आहे, ती बालपण आणि बाजार या दोहोंच्या एकत्रित प्रभावाशी बांधलेली आहे आणि बाकी सर्व दुय्यम आहे.

दुसरी शक्यता. चार आकडे तेच, पण प्रत्येक गटातील दोन चलांचा परस्परसंबंध ०.६ आहे. बोलीवस्तीत वाढलेली माणसेच बहुधा बाजारात हिंदीत काम करतात आणि 'मले' म्हणणारेच बहुधा 'करून राहिलो' म्हणतात, असा याचा अर्थ. आता बेरजेचा प्रसरण १ + १ + २ × ०.६ = ३.२ आणि वजाबाकीचा प्रसरण १ + १ - २ × ०.६ = ०.८. बेरजांमधील सहसंबंध १.६ ÷ ३.२ = ०.५. वजाबाक्यांमधील सहसंबंध ०.४ ÷ ०.८ = ०.५. दोन्ही समान! मघाचे ठळक 'एकूण बोलीपण' नाहीसे झाले. बेरीज करून काहीच लाभ झाला नाही, कारण ०.५ इतके नाते तर सुट्या चलांतही होते.

या दुसऱ्या कथेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. 'मले' आणि हिंदी यांच्यातील ०.३ आला कोठून? 'मले'चे बालपणाशी नाते ०.५ आणि बालपणाचे हिंदी कामकाजाशी नाते ०.६. त्यांचा गुणाकार ०.५ × ०.६ = ०.३. म्हणजे तो सबंध आकडा बालपणाच्या मार्गाने आलेला आहे. एकसारखे बालपण असलेल्या वक्त्यांमध्ये तुलना केली, तर 'मले'चे हिंदीशी असलेले नाते शून्य ठरते. त्याचप्रमाणे 'करून राहिलो' आणि बालपण यांच्यातील ०.३ हा हिंदी कामकाजाच्या मार्गाने आलेला आहे. ज्या आकड्याच्या बळावर हिंदीवर आरोप ठेवला होता, तोच आकडा या परिस्थितीत तिची 'मले'पुरती सुटका करतो. 'करून राहिलो'च्या बाबतीत मात्र तिचा संबंध कायम राहतो.

दोन्ही कथांत गटांमधील तक्ता एकच होता. फरक गटांच्या आत होता. सुट्या सहसंबंधांचे तक्ते छापून त्यांवर भाष्य करणाऱ्या अभ्यासाची मर्यादा येथे स्पष्ट होते.

६. दुसरे चित्र : ठिपक्यांचा पुंजका गोल करणे

गटांतर्गत नाते ०.६ असते तेव्हा पडद्यावरील ठिपक्यांचा पुंजका गोल न राहता तिरक्या दिशेने लांबट होतो. अशा लांबट पुंजक्यावर रेषा फिरवली, तर लांबीच्या दिशेस सर्व ठिपके दूर दूर पसरलेले दिसतात आणि ती दिशा उगाच महत्त्वाची वाटू लागते. कापडाचा व्यवहार करणाऱ्यास ही अडचण परिचित वाटेल. तिरके खेचले गेलेले कापड तसेच मोजले तर माप चुकते. आधी उभे आणि आडवे धागे काटकोनात आणावे लागतात, मगच गज लावता येतो.

कॅनॉनिकल विश्लेषणात नेमके हेच केले जाते. दोन्ही पडद्यांवरील पुंजके ताणून किंवा दाबून आधी गोल केले जातात. गोल झालेल्या पुंजक्यात कोणतीही दिशा मुळातच लांब वा आखूड नसते. मग उरते ते केवळ फिरविणे. डाव्या पडद्यावरची रेषा आणि उजव्या पडद्यावरची रेषा फिरवीत जास्तीत जास्त जुळणी शोधायची. गणिताच्या भाषेत पहिल्या पायरीला गटांतर्गत सहसंबंध-सारणीच्या वर्गमुळाने भागणे आणि दुसरीला अनन्य-मूल्य विघटन म्हणतात. परंतु 'आधी गोल करा, मग फिरवा' एवढे ध्यानात ठेवले तरी पद्धतीचे मर्म हाती येते. महालनोबीस यांच्या अंतरातही पहिली पायरी हीच आहे.

७. तिसरे चित्र : उघडलेले पुस्तक

सहसंबंधाचे आणखी एक भौमितिक रूप आहे. वक्त्यांची संख्या कितीही असो, प्रत्येक प्रमाणित चल हा एक बाण मानता येतो. दोन बाणांमधील कोन लहान तर सहसंबंध मोठा. बाण एकमेकांवर असतील तर सहसंबंध १, काटकोनात असतील तर ०. नेमकेपणाने सांगायचे तर सहसंबंध म्हणजे त्या कोनाची कोज्या. ०.८ म्हणजे सुमारे ३७ अंश, ०.५ म्हणजे ६० अंश आणि ०.२ म्हणजे सुमारे ७८ अंश.

एका गटातील दोन बाण मिळून एक प्रतल तयार होते, जणू पुस्तकाचे एक पान. दुसऱ्या गटाचे दुसरे पान. पहिल्या पानावर कोणतीही एक रेषा आणि दुसऱ्या पानावर कोणतीही एक रेषा घेतली, तर त्यांच्यातील सर्वांत लहान कोन किती, हा कॅनॉनिकल सहसंबंधाचा प्रश्न होय. प्रतलांमधील अशा कोनांचा विचार फ्रेंच गणिती कामीय जॉर्दां यांनी १८७५ सालीच केला होता. होटेलिंग यांनी त्याच भूमितीला आकडेवारीचा अर्थ दिला.

या चित्रातून एक मोलाचा इशारा मिळतो. केवळ चार वक्त्यांची नोंद केली आहे असे समजावे. सरासरी वजा केल्यावर त्यांच्या बाणांना वावरण्यास तीनच मिती उरतात. तीन मितींच्या अवकाशात एकाच बिंदूतून जाणारी दोन प्रतले नेहमीच एका रेषेत छेदतात, जशी पुस्तकाची दोन पाने शिवणीत मिळतात. त्या सामाईक रेषेपाशी कोन शून्य आणि सहसंबंध १! म्हणजे चार वक्त्यांवरून दोन-दोन चलांचा अभ्यास केल्यास पहिला कॅनॉनिकल सहसंबंध पूर्ण १ येणारच, मग ते चल भाषेचे असोत, की नाणेफेकीचे. सर्वसाधारण नियम असा की, दोन्ही गटांतील चलांची एकूण संख्या वक्त्यांच्या संख्येइतकी किंवा तिच्याहून अधिक झाली, की परिपूर्ण नाते आपोआप 'सापडते'. त्यात भाषेविषयी काहीही सांगितलेले नसते. वीस वक्ते आणि दहा-दहा चल घेऊन काढलेला दिमाखदार निष्कर्ष म्हणूनच पोकळ ठरतो.

८. गांधीबागेतील प्रश्नाकडे

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडी आणि नागपुरी बोलींची नोंद आहे. 'ला' ऐवजी 'ले' हा प्रत्यय किंवा 'ळ' च्या जागी 'य' ही लक्षणे विदर्भातील ग्रामीण बोलीत दूरवर पसरलेली आहेत. ती कापडबाजारात जन्मलेली नाहीत. हिंदीत 'मला' या अर्थी 'मुझे' किंवा 'मुझको' येते आणि त्यावरून 'मले' सिद्ध होत नाही. उलट 'मी काम करून राहिलो' ही रचना हिंदीतील 'कर रहा हूँ' या रचनेशी समांतर आहे. नागपुरी मराठी आणि हिंदी यांच्या संपर्काचा अभ्यास राजेश्वरी पंढरीपांडे यांनी केला आहे. तेव्हा भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही दोन लक्षणे मुळातच वेगवेगळ्या प्रकारची असण्याचा संभव आहे. एक वारशाचे, दुसरे संपर्काचे.

संख्याशास्त्रीय पाहणीने ही शंका तपासता येते. भाषिक गटात 'मले', 'काया', 'काऊन', 'करून राहिलो' यांची प्रमाणे घ्यावीत. जीवनविषयक गटात वय, शिक्षणाची वर्षे, बालपणीची वस्ती, दिवसातील हिंदीचा वाटा हे घटक घ्यावेत. विश्लेषणात एकच जोडी प्रबळ निघाली आणि तिच्यात सर्व लक्षणांचे भार एकाच चिन्हाचे आले, तर 'बोलीपण' ही एकसंध गोष्ट मानण्यास आधार मिळेल. दोन जोड्या निघाल्या, एकीत 'मले' व 'काया' यांचे नाते बालपण व शिक्षण यांच्याशी आणि दुसरीत 'करून राहिलो'चे नाते हिंदीच्या वाट्याशी दिसले, तर 'हिंदीने मराठी बिघडवली' हे सरसकट विधान टिकणार नाही. पहिल्या प्रकारच्या रूपांना 'भ्रष्ट' म्हणणे हे तर आजीकडून नातवाकडे आलेल्या वारशालाच भ्रष्ट म्हणणे ठरेल.

९. काही सावधगिरीच्या सूचना

पहिली सूचना भारांच्या अर्थाविषयी. गटातील दोन चल परस्परांशी घट्ट बांधलेले असतील, तर त्यांच्यातील एकाचा भार मोठा आणि दुसऱ्याचा अगदी लहान वा उलट चिन्हाचाही येऊ शकतो. म्हणून केवळ भार न पाहता, मूळ चलाचा त्या कॅनॉनिकल ओळीशी प्रत्यक्ष सहसंबंध किती, हेही पाहिले पाहिजे. दोहोंची साक्ष जुळली तरच अर्थ लावावा. तसेच एका जोडीतील सर्व चिन्हे एकदम उलटवली तरी उत्तर तेच राहते. त्यामुळे धन-ऋण चिन्हांस स्वतंत्र अर्थ नाही, परस्परसापेक्ष अर्थ आहे.

दुसरी सूचना पडताळणीविषयी. ही पद्धती जास्तीत जास्त जुळणी शोधते. साहजिकच नमुन्यातील योगायोगही ती उचलून घेते. वक्त्यांचे दोन भाग करावेत, एका भागावरून भार काढावेत आणि दुसऱ्या भागावर ते लावून पाहावेत. तेथे सहसंबंध कोसळला, तर पहिला निष्कर्ष मागे घ्यावा.

तिसरी सूचना कार्यकारणाविषयी. सर्वांत मोठा कॅनॉनिकल सहसंबंधदेखील कारण सिद्ध करीत नाही. ज्या घटकाची नोंदच केली नाही, तो घटक दोन्ही गटांना एकदम हलवीत असू शकतो. पाचव्या भागात बालपण हा घटक नोंदविला नसता, तर हिंदीची 'मले'पुरती सुटका कधीच झाली नसती. कोणते चल घ्यावेत, हा निर्णय संख्याशास्त्राचा नसून भाषेच्या जाणकाराचा आहे.

चौथी सूचना नोंदींविषयी. बाजारातील माणूस समोर कोण आहे यावर बोली बदलतो. परक्या दिसणाऱ्या अभ्यासकाशी तो हिंदीत किंवा जपून प्रमाण मराठीत बोलतो आणि पाठ फिरताच सहकाऱ्याशी 'काऊन बे?' म्हणतो. नोंद संमतीने घेतलेली असावी, पण ती सहज संवादाची असावी. चुकीच्या नोंदींवर केलेले बिनचूक गणित हे अधिक फसवे असते.

१०. समारोप

कॅनॉनिकल सहसंबंध ही पद्धती दोन गटांमधील गुंता सोडवून त्यातील धागे एकेक करून वेगळे ठेवते. तिच्या पायऱ्या तीन : प्रत्येक गटातील अंतर्गत नात्याचा हिशेब प्रथम पुरा करणे, मग दोन्हीकडील सर्वाधिक जुळणारी मिश्रणे शोधणे आणि त्यांच्याशी असंबद्ध राहून पुढची मिश्रणे शोधत जाणे. दोन पडदे, गोल केलेला पुंजका आणि उघडलेले पुस्तक ही तीन चित्रे या पायऱ्यांची आणि त्यांतील धोक्याची आठवण ठेवण्यास पुरेशी आहेत.

बोलीच्या अभ्यासात या पद्धतीचे महत्त्व विशेष आहे, कारण तेथे एकेका रूपावर माणसाची योग्यता ठरविण्याची प्रवृत्ती जुनी आहे. 'मले' म्हणणारा विद्यार्थी, 'करून राहिलो' म्हणणारा दिवाणजी आणि दोन्ही बोलणारा हमाल यांना एकाच आरोपाखाली उभे करण्यापूर्वी, त्यांच्या बोलण्यातील कोणता धागा कोठून आला हे पाहणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. चार आकड्यांचा एकच तक्ता दोन विरुद्ध कथा सांगू शकतो, हे वर पाहिले. त्यांपैकी खरी कोणती, हे गांधीबागेतील प्रत्यक्ष आणि पुरेशा नोंदींवरूनच ठरू शकते. तोपर्यंत 'बिघडलेली मराठी' हा शब्दप्रयोग निष्कर्ष म्हणून नव्हे, तर केवळ तपासावयाचे एक गृहीतक म्हणूनच वापरणे उचित होय.